चौथी आणि पाचवी जोडी

बाई, डोळ्यावरची पट्टी निघून आज नऊ दिवस झाले. उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू काढून डॉक्टरांनी आत नवं भिंग बसवलं, आणि महिनाभर वाकायचं नाही, धुळीत हात घालायचा नाही, बारीक काम करायचं नाही, असं बजावून घरी पाठवलं. मी आज तिन्ही गोष्टी केल्या. वाकून पलंगाखालची पत्र्याची पेटी ओढली, तिच्यावरची धूळ पुसली आणि खिडकीपाशी बसून असं बारीक काम केलं की ते तुम्हीसुद्धा मला सकाळच्या उजेडाशिवाय करू दिलं नसतं. त्याबद्दलच लिहायला बसलो आहे. बसलो म्हणजे काय, आतापर्यंत चारदा उठलो. एकदा पंखा बंद केला, कागद उडतो म्हणून. मग घाम आला म्हणून चालू केला. सून दोनदा डोकावून गेली. "बाबा, काय शोधून राह्यले?" म्हणाली. काही नाही म्हटलं. तिला काय सांगणार, की अर्ध्या बोटाएवढ्या एका जवळ्याचे पाय मोजले आणि जेवण गेलं नाही.

तुम्ही अहेरीला आलात तेव्हा जिल्हा नवा नवा वेगळा झाला होता. कागद गडचिरोलीला जाऊ लागले होते, पण माणसं अजून सगळ्या कामांना चांद्यालाच जात. तुम्ही रत्नागिरीकडच्या, एकट्या, पन्नाशीला टेकलेल्या. हातात एक ट्रंक आणि नाकावर जाडजूड चष्मा. ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवायला आलात. मी तिथला प्रयोगशाळा परिचर. नाव भारदस्त, काम बाटल्या धुण्याचं, स्टूल उचलण्याचं आणि सरांना चहा आणण्याचं. वय तेवीस. मला कुणी नावाने हाक मारत नसे. "ए प्रयोगशाळा" म्हणत, आणि मीही "आलो जी" म्हणून धावत असे. पहिल्याच दिवशी तुम्ही माझं नाव विचारलंत, ते वहीत लिहून घेतलंत, आणि पुढे तीन वर्षं त्याच नावाने हाक मारलीत. हे तुम्हाला आठवायचं काही कारण नाही, मला मात्र आहे.

बाजाराचा तो दिवस मला अजून दिसतो. मी पिशवी धरून मागे चालतो आहे, तुम्ही वांगी बघता आहात, आणि एकदम थांबता. नाक वर करून वास घेता. सुकटवाल्या चाचांच्या गोणीपुढे तुम्ही उकिडव्या बसलात, ओंजळभर जवळा उचललात आणि चेहऱ्यापाशी नेलात. मला वाटलं तुम्ही आता तो कच्चाच खाता की काय. चाचा इथलेच, तीन पिढ्यांपासून सुक्या मासळीचा धंदा करणारे, चांद्याहून गोणी आणून बाजाराबाजारात विकणारे. ते म्हणाले, "लेव बाई, ताजा हाय." तुम्ही हसलात. समुद्रापासून इतक्या लांब, सागाच्या जंगलात वाळका जवळा ताजा म्हणायचा, याचं तुम्हाला हसू आलं. हसता हसता तुमचे डोळे भरून आले, आणि ते तुम्ही पदराने नाही, जवळ्याच्याच हाताने पुसलेत. मग दिवसभर डोळे चुरचुरले.

तिथून सगळं सुरू झालं. दर बाजाराला पावशेर जवळा. त्यातला थोडा तुमच्या तव्यावर कांदा घालून, उरलेला प्रयोगशाळेत. ऊन पाण्यात अर्धा तास भिजवायचा, मग इनॅमलच्या पांढऱ्या ताटलीत पसरायचा आणि चिमट्याने एकेक बाजूला घ्यायचा. जवळ्याच्या गोणीत नुसता जवळा कधीच नसतो, हे तुम्ही मला पहिल्या दिवशी सांगितलंत. जाळ्यात जे आलं ते सगळं वाळतं, आणि गोणीत सगळ्यांचं नाव जवळा होतं. त्यात कोळंबीची पिल्लं असतात, दुसरे बारीक जीव असतात, बोटभरसुद्धा नसलेले मासे असतात. एकाच गर्दीतून वेगवेगळे ओळखायचे. "रंगावर जाऊ नकोस, आकारावर जाऊ नकोस," तुम्ही म्हणायचात, "वाळल्यावर सगळे सारखेच दिसतात. अवयव बघ." मग तुम्ही सांगत असा आणि मी बघत असे. शेपटीच्या पंख्याच्या आतल्या पाकळीत खसखशीएवढी चमकती गोळी दिसली तर तो जवळा नव्हे, तो दुसराच, त्याची मादी छातीखाली पिशवी करून पिल्लं वागवते. पोटावरच्या कड्यांपैकी दुसरं कडं पुढच्यावरही आणि मागच्यावरही चढलेलं असेल तर ती एका जातीची कोळंबी. कडी कौलांसारखी एकामागे एक असतील तर दुसऱ्या जातीची. शेपटीच्या बुडाशी लाल ठिपके असतील तर बहुतेक जवळा. बहुतेक, म्हणायचात तुम्ही, अजून नक्की नाही. ते नक्की कशाने होतं, हे सांगायचं तुम्ही पुढच्या खेपेवर ठेवलं होतंत, आणि त्याआधीच मी घोळ घातला.

मी हे सगळं बघत असे, कारण तुम्हाला ते दिसत नव्हतं. कॉलेजचा सूक्ष्मदर्शक त्याचा आरसा फुटल्यापासून बंद पडला होता, आणि तुमच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता. हातातल्या भिंगातून तुम्हाला जवळा दिसे, मिशा दिसत, ठिपके दिसत. पाय नुसते धुक्यासारखे. तुम्ही कुणाला सांगितलं नव्हतं. मला सांगितलंत. "तुझे डोळे माझ्या कामाचे आहेत," म्हणालात. आज तेच दुखणं माझ्या डोळ्यात झालं तेव्हा कळलं, की एवढ्या धुक्यातून तुम्ही किती ओळखत होतात.

इतर मास्तर नाकाला रुमाल लावून जायचे. रसायनशास्त्राचे सर मला विचारायचे, "काय रे, आज भाजी काय बाईंच्या प्रयोगशाळेत?" चाचा तर उघडच चिडवायचे. "बाई, माल खाऊन राह्यल्या का मोजून राह्यल्या?" तुम्ही म्हणायचात, "आधी मोजते, मग खाते." पोरांना मात्र तुमचा नाद लागला. जंगलातल्या गावांतून आलेली ती पोरं, समुद्र कुणी पाहिलेला नाही. एकाने विचारलं, "बाई, समुद्र केवढा राह्यते?" तुम्ही म्हणालात, "प्राणहितेच्या काठावर उभा राहा, आणि पलीकडचा काठ काढून टाक." पोरं डोळे मिटून बघू लागली. मी मागे स्टूल पुसत होतो, मीही तो काठ मनातून काढून बघितला. अजून नदीवर गेलो की काढून बघतो.

माझा हात चित्राला बरा होता, ते तुम्ही ओळखलंत. तो हात बाबांचा. बाबा आलापल्लीच्या लाकूड डेपोत सागाच्या ओंडक्यांवर आकडे टाकायचे, ओंडक्याच्या तोंडावर ब्रशने नंबर. पावसात आकडे धुऊन जात, अर्धे पुसत. मग बाबा रांगेतून फिरत आणि मोडका आकडा पुरा करत. अलीकडे चारशे बारा, पलीकडे चारशे चौदा, तर मधल्या पुसक्या ओंडक्यावर दुसरं काय असणार? मी लहान असताना डबा घेऊन जायचो तेव्हा ते सांगत, "अर्धा आकडा ठेवून जाऊ नये बेटा. पाहणाऱ्याले त्रास होते." आमच्या घरात पहिली सरकारी पगाराची नोकरी त्यांची, आणि त्या आकड्यांचा त्यांना अभिमान. हे मी सबब म्हणून सांगत नाही, बाई. पण हे सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

पहिल्यांदा तुम्ही मला बोललात ते झुरळावरून. मी झुरळाचं चित्र काढलं, दोन्ही मिशा सारख्या लांब. समोरच्या मेलेल्या झुरळाची एक मिशी अर्धी तुटली होती. भिंग डोळ्याला न लावता तेवढं तुम्हाला दिसलं. तुम्ही चित्र बाजूला सारलंत आणि आवाज न चढवता म्हणालात, "तुटकी असेल तर तुटकी काढ. जे दिसतं ते काढ, जे असायला हवं ते नको. नाहीतर मग तुझे डोळे माझ्या काय उपयोगाचे?" मी दोन दिवस तुमच्याशी नीट बोललो नाही. घरी बाबांना सांगितलं. ते म्हणाले, "बाईचं बरोबर हाय. पण तुटकी मिशी भिंतीवर लावतं काऊन कोणी?" मलाही तेव्हा बाबांचंच पटलं होतं.

मग तुम्ही तक्ता करायला सांगितलात. वर्गात लावायला मोठा, हातभर लांब जवळा, म्हणजे मागच्या बाकावरच्या पोरांनाही दिसेल. "एक चांगला अखंड नमुना निवड," म्हणालात, "आणि त्यावरून काढ." अखंड. त्या शब्दावर मी इतकी वर्षं फिरतो आहे. मी पूर्ण ताटली धुंडाळली. बाजारातून आणखी पावशेर आणला, तोही धुंडाळला. एकाही जवळ्याला पाय पुरे नाहीत. पहिल्या तीन जोड्या असत, कधी एखादा तुटलेला. चौथी आणि पाचवी जोडी कुणालाच नाही. तुम्हीच शिकवलं होतंत, हा दहा चालपायांचा गट. भिंतीवरच्या कोळंबीच्या चित्रालाही पाचच जोड्या होत्या. मग ह्यांना तीनच कशा? मी ठरवून टाकलं, तुटल्या. उन्हात वाळला, गोणीत दाबला, ट्रकमधून एवढ्या लांब आला, चाचांनी त्यात माप खुपसलं, मागचे बारीक पाय राहतील कशाला? पाय तुटला तर तिथे खाच उरते, खुंट उरतो, हे तुम्ही कोळंबीवर मला दाखवलं होतंत. जवळ्यावर ती खाच मी शोधली नाही. शोधायचं सुचलंच नाही, असं लिहिणार होतो, पण ते खरं नाही. सुचलं होतं. उन्हाळा होता, मान दुखत होती, आणि चित्र मनात पुरं झालं होतं. त्यातल्या त्यात चांगला एक जवळा निवडला, समोर ठेवला, आणि त्याच्यावरून चित्र काढलं. तीन जोड्या त्याच्या. दोन जोड्या माझ्या.

तक्ता तुम्हाला दाखवला ती दुपार. बाहेर पळसाखाली सायकली उभ्या आहेत, खिडकीतून लू येते आहे. खऱ्या जवळ्याचे पाय तुम्हाला दिसत नसत, पण हातभर लांब जवळ्याचे दिसणारच. तुम्ही चष्मा कपाळावर चढवून तक्त्याच्या अगदी जवळ जाता. मिशा, डोळे, सोंडेसारखं छोटं टोक, सगळं बोटाने चाचपडत पुढे जाता, आणि पायांपाशी बोट थांबतं. परत मागे येता. मोजता. मला वाटतं आता शाबासकी मिळणार. तुम्ही वळता, आणि तुमचा चेहरा मी त्याआधी तसा कधी पाहिला नव्हता.

"या दोन जोड्या," तुम्ही म्हणालात, "जवळ्याला नसतात, अरे. नसतातच. तीच तर त्याची ओळख, मी तुला सांगणार होते. बाकी सगळं जवळ्याचं आहे, आणि पाय पाचही. असा कुणी मी वाचलेला नाही." मग माझा दंड धरलात. "तुला दिसले ना?"

बाई, त्या क्षणी नाही म्हणायला काय लागलं असतं? झुरळाएवढाच ओरडा मिळाला असता. तुम्ही तक्ता फाडायला लावला असतात, मी दोन दिवस फुगलो असतो, आणि तिसऱ्या दिवशी चहा आणला असता. पण तुम्ही माझा दंड सोडला नव्हता, आणि तोंडातून निघून गेलं, "दिसले जी बाई."

तुम्ही त्याच संध्याकाळी पत्र लिहायला घेतलंत. किनाऱ्यावर कुठल्याशा संशोधन केंद्रात तुमचे जुने सर होते, त्यांना. लहान चित्र मी पुन्हा शाईने काढून दिलं, पायांसकट. एकदा खोटं बोललं की दुसऱ्यांदा हात अजिबात अडखळत नाही, उलट वळण जास्त सुबक आलं. दुसऱ्या दिवशी तुम्ही मला पत्र वाचून दाखवलंत. शेवटी लिहिलं होतं, निरीक्षण आणि चित्र माझे सहकारी श्री अमुक यांचे. माझं पूर्ण नाव, बाबांच्या नावासकट, आडनावासकट. सहकारी. ज्याला चहा आणायला पाठवत, त्याला. तुम्ही पाकीट हातात धरलंत, डिंकाच्या बाटलीत बोट बुडवलंत आणि म्हणालात, "पुन्हा एकदा सांग बघू. नीट पाहिलेस ना? मग चिकटवते." मी पाकिटातून अर्धवट बाहेर असलेल्या कागदावर माझ्या नावाकडे बघत होतो. म्हटलं, "पाहिले जी."

उत्तर यायला दोन महिने लागले. तोवर मला वाटू लागलं होतं की पत्र हरवलं, सुटलो. आलं ते दोन ओळींचं. चित्र बरोबर असेल तर विचार करायला लावणारं आहे, नमुना तातडीने पाठवा. तुम्ही स्टाफरूममध्ये ते सगळ्यांना वाचून दाखवलंत, रसायनवाल्या सरांनासुद्धा. त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली, नावाने हाक मारून. नमुना मी पेनिसिलिनच्या रिकाम्या बाटलीत ठेवला होता, बुचावर मेणबत्तीचं मेण ओतून. तो केंद्रात गेला की पहिल्याच नजरेत सगळं उघडं पडणार. मी ती बाटली खिशात घातली, घरी नेली, पेटीत तळाशी ठेवली. आणि तुम्हाला येऊन सांगितलं, "बाई, घोटाळा झाला. बाटल्या धुण्यात ते बी धुतल्या गेली जी."

तुम्ही रागवाल म्हणून मी तयार होतो. तुम्ही रागावला असता तर बहुतेक मी रडत सगळं सांगूनही टाकलं असतं. तुम्ही चष्मा काढून पदराने पुसलात. मग म्हणालात, "चालायचंच. एक होता, म्हणजे दुसराही असेल." हे वाक्य लिहून मी आता पुन्हा उठून आलो. अंगणात दोन फेऱ्या मारल्या. सून म्हणते उन्हात जाऊ नका, डोळा बिघडेल.

पुढचं तुम्हाला माहीत आहे, पण तुम्हाला ते एका बाजूने माहीत आहे. त्याच उन्हाळ्यात गावाकडच्या शाळेत जागा मिळाल्याचं पत्र तुमच्या भावाने पाठवलं होतं. जूनमध्ये रुजू व्हायचं होतं, घरापासून समुद्र हाकेच्या अंतरावर. ट्रंक झटकून उन्हात ठेवली होतीत तुम्ही, मीच बाहेर काढून दिली होती. ती पुन्हा आत गेली. तुम्ही भावाला लिहिलंत, दिवाळीनंतर येते. ज्या खेपेतला तो जवळा होता, त्याच खेपेच्या दोन गोणी चाचांकडे पावसाळ्यासाठी भरून ठेवल्या होत्या. त्या चाळल्याशिवाय तुम्हाला जायचं नव्हतं. चाचा म्हणाले, "बाई, पागल झाल्या काय? दोन बोरे कोन निवडते?" तुम्ही म्हणालात, "आम्ही दोघं आहोत ना."

आम्ही दोघं. पाऊस लागला. रोज कॉलेज सुटल्यावर तुम्ही ताटली मांडायचात, मी भिंग घेऊन बसायचो. तुम्ही चिमट्याने एकेक जवळा माझ्याकडे सरकवत असा आणि विचारत असा, "आहेत?" मी म्हणत असे, "नाई जी." पुढचा. "आहेत?" "नाई जी." हजार वेळा तरी मी तुम्हाला खरं सांगितलं, बाई, आणि एकदाही जे सांगायचं होतं ते सांगितलं नाही. पण आता मी नीट बघू लागलो होतो. तिसऱ्या जोडीमागची जागा एकेका जवळ्यावर तपासत होतो. साफ, गुळगुळीत. खाच नाही, खुंट नाही, काही तुटल्याची खूण नाही. तिथे कधी काही नव्हतंच. कधीकधी तुम्ही कंटाळून पाठ टेकायचात आणि म्हणायचात, "नशीबवान आहेस. तुला एकदा तरी दिसला." खिडकीला जाळी नव्हती. डास घोंघावत होते. मी कडूलिंबाचा पाला जाळायचो, त्याच्या धुराने तुमचे डोळे आणखी चुरचुरायचे, मग तुम्हीच म्हणायचात, विझव.

श्रावणात तुम्हाला थंडी वाजून ताप आला. इथे तो कुणाला येत नाही? गोळ्या घेतल्या, उतरला, तुम्ही पुन्हा ताटलीपाशी. दुसऱ्यांदा आला तो डोक्यात गेला. नाल्याला पूर होता, जीप दीड दिवस अलीकडेच अडकली. माझी आई तुमच्या पायांपाशी बसून होती, मी तुमच्या कपाळावर पट्ट्या ठेवत होतो. चांद्याच्या दवाखान्यात तुम्ही एकदा नीट शुद्धीवर आलात. मला वाटलं आता सांगावं. तुम्हीच आधी बोललात. "ताटली झाकून आलास ना? मांजर येईल." मी म्हटलं, झाकली. झाकली नव्हती. मांजराने सगळा जवळा खाल्ला होता, ते मला परत आल्यावर कळलं. म्हणजे तुम्हाला सांगितलेलं शेवटचं वाक्यसुद्धा मी न बघताच सांगितलं.

तुम्ही गेल्याची तार मिळाल्यावर तुमचा भाऊ आला, ट्रंक घेऊन गेला. जाताना तुमचं भिंग माझ्या हातात दिलं. "तिने पत्रात तुमच्याबद्दल फार लिहिलं होतं," म्हणाला, मला अहोजाहो करून. मी त्याच्या पाया पडायला वाकलो तेव्हा तो गोंधळला.

तक्ता मात्र राहिला. तुम्ही तुमच्या अक्षरात त्याच्यावर नावं लिहिली होतीत, प्रत्येक अवयवापासून एक रेघ आणि रेघेपुढे नाव. चौथ्या आणि पाचव्या जोडीपासूनही रेघ काढलेली आहे, पण पुढे काही लिहिलेलं नाही. रेघ रिकामी. त्या रिकाम्या रेघेने मला जितकं छळलं तितकं कशानेच नाही. उत्तर आल्यावर नाव लिहू म्हणून ठेवलीत, की तुम्हाला शंका आली होती? शंका आली होती तर मग ते दोन महिने, त्या गोणी, ते "आहेत?" कशासाठी? मी स्वतःहून बोलावं म्हणून तुम्ही रोज मला समोर बसवत होतात का? कधी वाटतं हो, कधी वाटतं छे, तुम्ही असं कोडं घालणाऱ्या नव्हतात. तीस वर्षं मी त्या तक्त्यावरची धूळ पुसली. अहेरीच्या किती पोरांनी त्याच्यावरून पाच जोड्यांचा जवळा वहीत उतरवला असेल, आणि मी स्टूल पुसत बघत राहिलो. काढून टाकायला हवा होता. तुमचं अक्षर होतं म्हणून हात झाला नाही. निवृत्त झालो तेव्हा गुंडाळी करून घरी आणला.

आणि बाटली. ती मी त्या दिवसापासून उघडली नव्हती, उजेडात धरलीही नव्हती. हजार जवळे तपासले, पण ज्याच्यावरून चित्र काढलं तो एकच तपासायचा राहिला होता. मनात एक वेडी आशा ठेवली होती, ती आज सांगतो. की त्या एकाला खाच असेल. खरंच तुटले असतील त्याचे पाय. मग माझं चित्र खरं, तुमचा आनंद खरा, आणि माझा गुन्हा तेवढा बाटली लपवल्याचा. तो गुन्हाही काही लहान नाही, तुमच्या हातचं खरं सोनं चोरल्याचा तो. पण मला तो चालला असता. न बघता ठेवलं तोवर दोन्ही शक्य होतं, म्हणून बघितलं नाही. आज नव्या डोळ्याने, तुमच्या भिंगातून बघितलं. मेण खरवडलं, पाण्यात सोडला. पिवळा पडला आहे, एक मिशी गळाली, पण बाकी जसाच्या तसा. तिसऱ्या जोडीमागे बोटाचं टोकही न लावता दहा वेळा बघितलं. गुळगुळीत आहे, बाई. साधा जवळा आहे.

हा कागद मी कुठे पाठवणार नाही, बाटलीबरोबर पेटीत जाईल. तक्ता पलंगावर उघडून ठेवला आहे, तुमच्या रिकाम्या रेघेपुढे लिहावं म्हणून पेन धरलं होतं, पण तुमच्या अक्षराशेजारी लिहायचं धाडस झालं नाही. म्हणून इथेच लिहितो. तुम्ही पाकीट हातात धरून, बोटाला डिंक लावून मला विचारलं होतंत, नीट पाहिलेस ना. मी भिऊन खोटं बोललो असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आलो. भीती पहिल्या वेळेला होती, त्या वेळेला नव्हती. पाय नाई दिसले जी बाई. मले माझं नाव दिसलं.